विसण

गेल्या साली एका लग्नाच्या बैठकीत सतार वाजवता वाजवता कमरुद्दीनची बोटं आखडली आणि जुन्नरभर हसं झालं. तेव्हापासून रोज सकाळी, सतारीला हात लावण्याआधी, त्याची बायको इशरत त्याची बोटं ऊन पाण्यात बुडवून ठेवी, मग एकेक बोट अलगद मागं ताणी, मनगट फिरवी. नवऱ्याच्या नावानं बोटं मोडणाऱ्या बायका गल्लीत रग्गड होत्या; नवऱ्याची बोटं ओढणारी ही एकटीच. सुरुवातीला तो लहान पोरासारखा कळवळायचा. पुढं कळवळणं थांबलं, तरी तिचा जीव काही थाऱ्यावर येईना.

आज तर मिश्रीलाल शेठजींकडं बैठक होती. तिनं चुलीवरचं उकळतं पाणी घंगाळात ओतलं.

"दुखत न्हाई ना वं?"

"धा येळा इचारलंस. तुझ्या हाताला गुण हाय, इशरत. आता किती बी वढ, कायसुदीक कळत न्हाई."

"गप बसा, सोताचीच दृष्ट लागंल," म्हणत ती विसणाला गार पाणी आणायला परसात गेली. तांब्या भरून परतली, तर कमरुद्दीन पाचही बोटं घंगाळात बुडवून, डोळे मिटून, संध्याकाळची गत गुणगुणत बसला होता. पाण्यावरून अजून वाफा निघत होत्या.

तिची चाहूल लागताच तो डोळे न उघडताच म्हणाला, "आज पानी अगदी बेताचं झालंय बघ."