मोकळी दांडी

क्लचची दांडी ओढली की आधी दोन-तीन मिलिमीटर मोकळी जावी आणि मग बोटाला तारेचा ताण लागावा. ही दांडी सरळ मुठीला जाऊन टेकली. ओताकारने ती सोडून पुन्हा ओढली. पुन्हा तसंच. त्याने वाकून पाहिलं. तारेचं टोक जिथे अडकतं ती खोबण रिकामी होती. गंज नव्हता. आत ताजं ग्रीस चमकत होतं.

दांडी डाव्या मुठीवर होती आणि ओताकार गाडीच्या उजव्या बाजूला उभा होता. तरी त्याने उजवाच हात टाकीवरून पलीकडे नेला होता. डावा कोटाच्या खिशात होता. अलीकडे तो तिथेच असे.

"तार कुठंय?" त्याने विचारलं.

"काढली," गाडीवर बसलेली व्लास्ता म्हणाली.

गावामागच्या टेकडीवर दर सप्टेंबरात जुन्या मोटारसायकलींची चढाची शर्यत होते. दोघांच्याही गाड्या एकाच जातीच्या, अडीचशे सीसीच्या लाल जावा. वर्षानुवर्षं ओताकार पहिला यायचा आणि व्लास्ता दुसरी. मग एका वर्षी त्याने पाठ दुखते म्हणून सांगितलं आणि तो गाड्या तपासायला बसला. कुणी विचारलंच तर म्हणायचा, पुढच्या वर्षी बघू. त्याची गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली होती. दर रविवारी तो ती सुरू करायचा, थोडा वेळ इंजिन ऐकायचा आणि बंद करायचा. गिअर टाकायचा नाही. पाठ ठणठणीत होती. डाव्या हाताच्या बोटांतली पकड गेली होती, आणि हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

क्लचशिवाय गाडी चढावर सोडता येणार नाही, असं त्याने व्लास्ताला सांगितलं. क्लच आहे, नाहीये ती तार, असं ती म्हणाली. तो मी पायानं सोडते, असंही ती म्हणाली.

यात नवीन काही नव्हतं. या गाडीची गिअरची दांडी पायाने दाबून धरली की आतला क्लच आपोआप सुटतो, आणि पाय हळूहळू उचलला की धरतो. शाळेतल्या पोरांनाही हे ठाऊक होतं. पण हे आळशांचे लाड आहेत, असं ओताकारचं मत होतं. सपाटीवर ठीक, गाडी तापली आणि चढावर थांबली की पायाचा क्लच नेमका दगा देणार. त्याने स्वतःच्या गाडीतला पायाच्या क्लचचा स्क्रू तरुणपणीच ढिला करून टाकला होता. त्याच्या शब्दाखातर निम्म्या गावानेही तेच केलं होतं.

"तूच सांगतोस ना, तापल्या गाडीवर पायाचा क्लच म्हणजे कागदाची छत्री?" व्लास्ता म्हणाली. "मग आज भिजताना बघ मला."

मागे रांगेतले लोक हसले. ओताकारने मान हलवली. नियमाप्रमाणे एक चाचणी होती: सगळ्यात उभ्या वळणावर पांढऱ्या रेघेशी थांबायचं आणि गाडी मागे न घसरता पुन्हा निघायचं. तो म्हणाला, आधी तापव, मग जा.

तिने मैदानाला फेऱ्या मारून गाडी चांगली तापवली आणि चढाला लागली. रेघेशी थांबली. उजवा पाय जमिनीवर, उजव्या हाताची दोन बोटं पुढच्या ब्रेकवर, डाव्या पायाखाली गिअरची दांडी दाबलेली. डावा हात तिने मांडीवर ठेवला होता, पंजा उताणा, सगळ्यांना दिसेल असा.

कडेला सॉसेज खाणारे प्रेक्षक खायचे थांबले.  गाडी बंद पडावी असं ओताकारला वाटत होतं, आणि पडू नये असंही.

इंजिनाचा आवाज खाली गेला. अगदी विझायला आला. मग निळा धूर सुटला, आवाजाने जोर धरला आणि गाडी वर निघाली. चाक बोटभरही मागे आलं नाही. पुढे तिने पायानेच दुसरा गिअर उचलला. खाली शिट्ट्या वाजल्या, नावं लिहिणाऱ्या यित्काने पत्र्याचं टेबल बडवलं.

व्लास्ता परत येऊन त्याच्यासमोर उभी राहिली. स्क्रू किती फिरवलास, त्याने विचारलं. अर्धा फेरा आत आणि केसभर मागे, ती म्हणाली. मग तो आवाज उतरवून म्हणाला, "तुझ्या हाताला काय झालंय?"

तिने हातमोजे काढले. जाकिटाच्या खिशातून वेटोळं केलेली तार काढली. अखंड, तेल दिलेली. तिने तारेचं एक टोक इंजिनाशी अडकवलं, डाव्या हाताच्या बोटांनी दुसरं चटकन खोबणीत बसवलं आणि दांडी दोनदा दाबून पाहिली.

"काही नाही झालेलं," ती म्हणाली. "मी तार लावूनच चालवणार. तुझ्या मागे इतकी वर्षं दुसरी आले, ओता. आता तू नाहीस म्हणून पहिली येते. त्याला काय चव आहे?"

 ओताकारने डावा हात खिशातून बाहेर काढला आणि यित्काच्या टेबलावर ठेवला. बोटं नीट मिटत नव्हती. त्याने ती लपवली नाहीत.

"यित्का, दुपारच्या फेरीत माझं नाव घाल," तो म्हणाला. "माझी गाडी व्लास्ता तपासेल."