डब्यातलं गाणं

"घरात कुठलं गाणं कधी वाजलं ते सगळं या डब्यात राहील. कुठल्याही कंपनीला कळणार नाही," फ्रिजवर घरातली गाणी वाजवणारा छोटा संगणक बसवताना केतकीने छातीठोकपणे सांगितलं. बाबांनी नुसती मान डोलावली. तिच्या गाण्याला ते केकाटणं म्हणायचे. मित्रांबरोबर केलेलं तिचं पहिलं गाणं तर त्यांनी ऐकायलाही नकार दिला होता.

महिन्याभराने तिने सहज नोंद उघडली. सगळ्यात जास्त वाजलं होतं तिचंच गाणं. रोज दुपारी तीनला, ती ऑफिसात असताना. तेव्हा घरात बाबा एकटेच असायचे.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "त्या डब्यातलं खरंच कुणाला कळत नाही ना?"

"कुठल्याच कंपनीला नाही," ती ठामपणे म्हणाली.

बाबांचा जीव भांड्यात पडला. पेपरामागून म्हणाले, "पुढचं केकाटणं कधी येतंय?"