कोपऱ्यातला ठसा

“अगं, माती खोटं बोलत नाही,” सर्व्हिसला उभी राहत हेमा म्हणाली. “चेंडू पडला की ठसा उमटतो. म्हणून तर मला मातीवरचा नदाल आवडतो.”

“ठसे कसले बघतेस? गवतावरचा फेडरर बघ!” सुनेत्राने नेहमीचं उत्तर दिलं. आज मात्र तिला एकच पॉइंट हवा होता. हेमाला ती पहिल्यांदाच हरवणार होती.

हेमाचा फटका कोपऱ्यात पडला. “आऊट!” सुनेत्राच्या तोंडून निघून गेलं. मग तिने खाली पाहिलं. ठसा पांढऱ्या रेषेवर होता. चेंडू आत होता.

ती काही बोलणार तोवर हेमा नेटपाशी हात पुढे करून उभी. “बघायचं काय त्यात? तू म्हणतेस ना!”

जिमखान्याच्या रिवाजाप्रमाणे हरणारीने गोणपाट ओढून कोर्ट सारखं करायचं. “आज मी ओढते,” सुनेत्रा घाईने म्हणाली, पण हेमा निघालीसुद्धा. त्या कोपऱ्यात ती थांबली, वाकली. मग ठशावरून तिने गोणपाट सावकाश फिरवलं.

बाकावर येऊन तिने पाण्याची बाटली आधी सुनेत्रापुढे धरली. सुनेत्राने ती न पिताच बाजूला ठेवली.

“उद्यापासून सिमेंटच्या कोर्टवर खेळू या,” हेमा म्हणाली. “तिथे ठसे राहत नाहीत.”