एका बोटाचं भाषण

यंत्रांच्या आवाजाने कारखान्यातल्या अर्ध्या लोकांचे कान गेले आहेत, माझ्या बाबांचेही. म्हणून सभेत साहेब जे बोलतात ते मी टाइप करते आणि ते मागच्या पडद्यावर उमटतं. साहेबांची वाक्यं ठरलेली. कंटाळून मी एकेका वाक्याला एकेक बटणच देऊन टाकलं आहे. हे दाबलं की ‘आपण सारे एक कुटुंब आहोत’, ते दाबलं की ‘संकट हीच संधी’.

बाबा दुसऱ्या पाळीला असतात. सभेत माझ्या टेबलासमोर, पहिल्या रांगेत बसतात, पण पडद्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. “वाचायचंय काय त्यात?” म्हणतात. “तुझं एकच बोट हलतंय ना, म्हणजे साहेब अजून काही बोललेलेच नाहीत.”

आजही सुरुवात कुटुंबापासूनच झाली. मी बटण दाबलं. संकट आलं, पाठोपाठ संधी आली. मी दाबत राहिले. माझ्या बोटाकडे बघत बाबा जांभया देत होते.

साहेबांनी पाण्याचा घोट घेतला आणि त्याच गोड आवाजात म्हणाले, “तेव्हा पुढच्या महिन्यापासून दुसरी पाळी बंद. त्या पाळीतल्या लोकांनी आपापला हिशेब करून घ्यावा.”

याला बटण नव्हतं. मी दोन्ही हात उचलून कीबोर्डवर ठेवले.

पडद्यावर पहिलं अक्षर उमटायच्या आतच बाबांची जांभई अर्ध्यावर थांबली.