काही होत नाही

पाड्यावर लसीचं नाव काढलं की दारं लागायची. "माणसंच अडाणी," मी संशोधनाला आलेल्या मुलीला ठणकावलं. इथली नर्स म्हणून अकरा वर्षं घसा कोरडा केला होता मी. ती आठवडाभर बायकांसोबत भात लावत त्यांचं ऐकत राहिली.

मग पाड्यावरच्या जानकीचं रेकॉर्डिंग तिनं जानकीच्याच परवानगीनं मला ऐकवलं. "नर्सबाई म्हणल्या, काही होत नाही. थोरली दोन दिवस तापानं फणफणली. आता त्यांचं बाकीचं तरी खरं कशावरून?"

चांगलंच झोंबलं. आया घाबरू नयेत म्हणून मीच तसं सांगत आले होते.

मी पुन्हा घरोघर गेले. "ताप येईल. दोन दिवसांत उतरेल. नाही उतरला तर मला बोलवा."

बुधवारी अंगणवाडीबाहेर रांग लागली. सगळ्यात पुढे जानकी, धाकट्याला कडेवर घेऊन. मी तोंड उघडणार, तोच ती मागं वळून गरजली, "ताप येणार गं बायांनो! घाबरायचं नाही!"

अकरा वर्षांत पहिल्यांदाच मी तोंड मिटून सुया टोचल्या, आणि बारा वाजायच्या आत लसीचा डबा रिकामा!