डाळिंबी थेंब

"ताई, परत तुंबलं का?" फोनवर बारक्याचा आवाज आला. घोगरा, मध्येच तुटणारा.

"तुंबलं." तिनं काचेची चिप भिंगाखाली धरली. तिच्यात कोरलेल्या केसाएवढ्या वाटेत सोन्याचे कण साचून गाठ झाली होती.

बारक्या, तिचा धाकटा भाऊ, सकाळी दरड कोसळल्यापासून सोबत्यांसह खाणीत अडकला होता. मधल्या बोगद्यात विषारी वायू भरलेला. त्या वायूचं विष मारणारी पावडर बचाव पथकाच्या मुखवट्यांत असते. ती ओल लागून निकामी झालेली. नवी पावडर जवळपास फक्त तिच्या प्रयोगशाळेत होऊ शकत होती. तीही सोन्याचे कण अगदी सूक्ष्म आणि एकसारखे निघाले तरच. भांड्यात ढवळून ते साधत नसे. दोन द्रावणं चिपमधल्या या अरुंद वाटेतच भेटावी लागत.

"घसा का बसलाय तुझा?"

"धूळ गं. तू हातातलं बघ."

"आईशी बोल ना. इथंच बसलीय."

"नको. ती रडेल, मग तूही रडशील."

तिनं नवी चिप लावली, पंपाचा वेग कमी केला. नळीतून डाळिंबी नव्हे, जांभळं पाणी आलं. कण मोठे झाले होते. सगळं वाया.

"नाही जमत रे मला!" ती ओरडली. कोपऱ्यात आईनं तोंडात पदर कोंबला.

"मग आमचं कल्याणच झालं," तो म्हणाला. "इथं एकजण विनोद सांगतोय, ताई. वायूनं नाही तर त्यानं मरू आम्ही."

रडता रडता तिला हसू फुटलं. हात जरा स्थिर झाले. तिनं वाटा आम्लानं धुतल्या, द्रावण आणखी पातळ केलं, पंप सुरू केला.

नळीच्या टोकाशी डाळिंबी थेंब जमला. मागोमाग दुसरा. तसाच.

"जमलं, बारक्या!"

पलीकडे कुणीतरी हुंदका गिळला.

पावडर तयार झाली. मुखवटे भरून पथक आत उतरलं. ती आईचा हात धरून खाणीच्या तोंडाशी उभी राहिली. एकेक माणूस बाहेर येत होता. ती प्रत्येकाचा चेहरा न्याहाळत होती.

सगळ्यांत शेवटी आलेल्या अनोळखी, दाढीवाल्या माणसानं मुखवटा काढला आणि तो थेट तिच्यासमोर येऊन थांबला.

"ताई," तो त्याच घोगऱ्या आवाजात म्हणाला, "दरडीखाली सापडला होता तो. पावडर तुम्ही करताय एवढं कळलं, आणि गेला. जाताना म्हणाला, माझ्या नावानं बोलत राहा, नाहीतर तिचे हात थरथरतील."