दोरीचं दुसरं टोक

डुकराची दोरी हातात घेतली, आणि आज ही धरायलाच नको होती असं मेल्तेकला वाटलं. दोरीतून ते डुकरालाही कळलं असावं. त्यानं मान वळवून म्हाताऱ्याकडे एकदा नीट पाहून घेतलं. डुकराचा सुळा वळत वळत पूर्ण गोल झाला होता. असं डुक्कर वाढवायला सात वर्षं लागतात, मारायला एक घाव. तो घाव घालायला आज खुद्द पंतप्रधान आले होते. गळ्यात फुलांची माळ, हातात लाकडी सोटा. डुक्कर पडलं की बेटाच्या रिवाजानं त्यांना वीर म्हटलं जाणार होतं.

रिवाज असा, की पुकारणाऱ्यानं, म्हणजे मेल्तेकनं, दोरी धरून त्यांचे पराक्रम एकेक करून पुकारायचे. ढोल वाजवणाऱ्याला पराक्रम पटला तर एक ठोका पडतो, नाही तर नाही. पाच ठोके पडले, की डुक्कर मारायचं आणि माणूस वीर. आणि दोरी धरून जो खोटं बोलतो, त्याचा आवाज जातो. मेल्तेकच्या बापाचा गेला होता. दुसऱ्यानंच मारलेला शार्क त्यानं एका सरदाराच्या नावावर पुकारला, आणि पुढची बावीस वर्षं तो बायकोशी खुणांनी भांडला.

"पाठ झालं ना, आजोबा?" पंतप्रधानांचा सचिव हॅरिसन कानाशी लागला. "पाचच तर आहेत. आणि दवाखान्यातल्या नर्स रोझलिनताई तुमच्याच कन्या ना? चांगलं आहे हो त्यांचं काम. तिकडे उत्तरेच्या टोकाच्या बेटावर नर्सच नाही, असं कुणीतरी म्हणत होतं."

मेल्तेक मैदानाकडे वळला.

"पहिला," तो ओरडला. "यांनी दवाखान्याला छप्पर घातलं." त्यानं दोरीकडे पाहिलं. "अर्धं."

वडाखाली ढोलाशी त्याचा चुलतभाऊ वाला उभा होता. त्यानं जरा विचार केला आणि एक ठोका दिला.

"अर्धं कशाला म्हणायचं?" हॅरिसन दात न उघडता म्हणाला.

"उघडी बाजू इथून दिसते, साहेब."

दुसरा तांदळाचा. "वादळानंतर यांनी तांदूळ आणला. चाळिसाव्या दिवशी."

ठोका पडला. जरा हळू.

तिसरा पराक्रम हॅरिसननं मोठ्या अक्षरांत लिहून दिला होता. भर वादळात समुद्रात उडी घेऊन पंतप्रधानांनी गावातली अकरा मुलं वाचवली. याला पुढेमागे काही जोडून भागण्यासारखं नव्हतं. त्या रात्री पंतप्रधान ब्रिस्बेनला होते. बेटाच्या काळजीनं हॉटेलात डोळ्याला डोळा लागत नाही, असं त्यांनी स्वतःच रेडिओवर सांगितलं होतं. मुलं चर्चमध्ये बाकांखाली झोपली होती. समुद्राकडे कुणी फिरकलंसुद्धा नव्हतं.

मेल्तेकनं तोंड उघडलं. आवाज फुटेना. खोटं बोलायच्या आधीच गेला की काय, अशी त्याला धास्ती वाटली. त्यानं खाकरून पाहिलं. होता.

"म्हणा की," हॅरिसन म्हणाला. "त्या बेटावर बोट महिन्यातून एकदाच जाते म्हणे."

तेवढ्यात मेल्तेकचं लक्ष पंतप्रधानांच्या हाताकडे गेलं. दोरीला चुकूनही लागू नये म्हणून त्यांनी तो लांब धरला होता.

पुकारणाऱ्यानं जे डोळ्यांनी पाहिलं नाही, ते करणाऱ्यानं स्वतः दोरी धरून सांगायचं, हाही रिवाजच होता. गेल्या तीस वर्षांत त्याची वेळ आली नव्हती. मेल्तेकनं दोरीचं मोकळं टोक हात लांब करून पुढे धरलं.

"साहेब, समुद्रातलं मी पाहिलेलं नाही. मी चर्चमध्ये होतो. तुम्हीच सांगा. एवढी दोरी धरा."

पंतप्रधानांकडे परदेशातल्या दोन पदव्या होत्या. पण त्यांचे आजोबा शेजारच्याच गावात पराक्रम पुकारायचे. त्यांनी हात पुढे केला. दोरीपासून वीतभर अंतरावर तो थांबला. मग त्यांनी तो सदऱ्याला पुसला आणि खिशात घातला.

"घसा बसलाय," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "डॉक्टरांनी बोलायला बंदी केलीय."

सकाळी विमानाच्या धावपट्टीवर त्यांनी दीड तास भाषण केलं होतं, त्यातला अर्धा तास कर्णा बंद पडल्यावर. हॅरिसननं काळा चष्मा काढून पुसला, परत घातला.

मेल्तेकनं दोरी मनगटाभोवती गुंडाळली आणि डोळे मिटले.

"तिसरा," त्याचा आवाज चिरकला. "दोरी धरून हा माणूस खोटं बोलला नाही."

वालानं टिपरू उचललं, खाली ठेवलं, डोकं खाजवलं. मग दोन्ही हातांनी असा ठोका दिला, की वडावरची वटवाघळं उठली.

"तीन झाले," मेल्तेक म्हणाला. "वीराला पाच लागतात, पोरा. डुक्कर थांबेल. आणखी दोन झाले, की ये."

हॅरिसननं वही उघडली. "सर, त्या नर्सचं..."

पंतप्रधानांनी म्हाताऱ्याच्या मनगटाकडे पाहिलं, मग ढोलाकडे.

"राहू दे रे," ते सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणाले. "तिची बदली होणार नाही." आवाज खणखणीत होता.

मेल्तेकनं मनगटावरचा वेढा सोडला आणि दोरीचं टोक पुन्हा पुढे केलं.